शिट्टीसकट पाळणा

आमच्या घरी काही फेकलं जात नसे. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, पाठकोऱ्या लग्नपत्रिका, कायमच्या झोपलेल्या दोन इस्त्र्या, सगळं माळ्यावर. “पडू दे ना, काम येईल,” हे बाबांचं पालुपद आणि त्यावरून दर दिवाळीला आईशी त्यांचं भांडण. बँकेतून रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्या नानाखेड्याच्या घरात कॉम्प्युटर आणला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

त्याच सुमारास ताईचं अमेरिकेत बाळंतपण झालं. व्हिसा मिळाला नाही म्हणून आईला जाता आलं नाही. तिने डिंकाचे लाडू दोनदा केले आणि दोन्ही वेळा ते आम्हालाच खावे लागले. ताईचं मागणं एवढंच होतं: “आई, तुझा पाळणा पाठव.” शेजारच्या काकू त्यांच्या मुलाकडे अमेरिकेला निघाल्या होत्या. त्या जायच्या आत आईच्या गाण्याची सीडी तयार हवी होती. कॅसेटवर हे काम चुटकीसरशी झालं असतं, पण मग कॉम्प्युटर कशाला घेतला, असं आईने विचारलं असतं.

आई चारचौघांत कधी गायची नाही. रोज दुपारी अवघडून माइकसमोर बसायची आणि रोज काहीतरी मधे यायचं. कधी कुकर, कधी भाजीवाला, कधी बाबांचाच खोकला. बिघडलेलं गाणं बाबा डिलीट करायचे आणि पुन्हा “हं, सुरू!” म्हणायचे. अशात पडद्यावर सूचना यायला लागली की डिस्कवरची जागा संपत आली आहे.

बाबांनी उपाय सुरू केले. आधी पडद्यावरची सगळी चित्रं एका कडेला सरकवली. मग कॉम्प्युटरचा डबा उघडून सायकलच्या पंपाने आत हवा मारली. शेवटी कोणी तरी सांगितलं म्हणून डिस्कची आवराआवर करणारा प्रोग्रॅम लावला आणि त्यातले रंगीत चौकोन सरकताना बघत शेवेची प्लेट संपवली. सूचना जागच्या जागी.

“काही तरी डिलीट करा ना बाबा,” मी वैतागून म्हटलं.

“अरे यार, रोज तर करतो आहे!”

काकू निघायच्या आदल्या दिवशी आईचा आवाज असा लागला की मी दारातच उभी राहिले. शेवटचं कडवं आलं आणि मशीन थांबलं. जागा संपली होती. गाणंही गेलं.

“आता मी नाही म्हणणार,” आई उठली. “माझं नशीबच तसलं.” आत जाऊन तिने भांडी घासायला घेतली. घासलेलीच.

मला रडू येत होतं आणि बाबांचा रागही. मी तावातावाने माउस ओढून घेतला आणि पडद्यावरची कचऱ्याची टोपली उघडली. आईचे सगळे पाळणे तिथे सुखरूप! बाबांनी ती टोपली कधी रिकामी केलीच नव्हती. उलट टोपली पुरेना म्हणून सेटिंगमध्ये जाऊन तिचं माप शेवटपर्यंत वाढवून ठेवलं होतं. डिस्कवरची जागा तिनेच खाल्ली होती.

“बाबा, हे काय?”

“पडू दिलं होतं,” ते ओशाळून म्हणाले. “तिचा आवाज आहे तो. फेकू कसा?”

मी एकेक पाळणा लावून बघितला.

त्यातल्या एकाच पाळण्यात सगळी कडवी होती. फक्त मधे कुकरच्या शिट्ट्या होत्या आणि आईचं खणखणीत, “अहो, तो गॅस बंद करा आधी!” दुसरा इलाज नव्हता. बाबा आख्खा डबा स्कूटरवर घालून फ्रीगंज बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. “अंकल, पूरा घर ही उठा लाए?” असं म्हणत दुकानदाराने सीडी करून दिली.

महिनाभराने ताईचा फोन आला. आई पहिलं वाक्य माफीचंच बोलली, “मेली ती शिट्टी मधे आली गं.”

पलीकडे ताई रडत होती. “आई, मी तेवढंच परत परत लावते. शिट्टी होते, तू बाबांवर ओरडतेस. मग मला भूक लागते.”

आईने फोन ठेवला. त्या दिवाळीला माळा आवरायचा विषय तिने काढला नाही.