तिने मला टाकीत उतरू दिलं नाही

कुडाळच्या बाजारात सुकी मासळी घेत होतो, तेवढ्यात धाकट्या भावाचा, दीपकचा फोन आला. "दादा, आंजेलिन सिस्टर गेली रे..." एवढंच बोलला आणि रडायलाच लागला. माझा चेहरा बघून मासळीवाली विचारत राहिली, "काय झाला हो?" कोण गेली म्हणून सांगू? नात्याची नाही, गावची नाही. आमच्या फळांच्या कारखान्यातली नर्स, मालवणाकडून रोज स्कूटर उडवत येणारी. पण एका सकाळी या बाईने मला सख्ख्या भावाला वाचवायला जाऊ दिलं नाही, आणि म्हणूनच आज आम्ही दोघेही भाऊ जिवंत आहोत. हे बाजारात उभ्या उभ्या कसं सांगायचं? आता काही आठवडे गेलेत, म्हणून शांतपणे लिहायला बसलोय. 

आमच्याकडे हंगामात काजूच्या बोंडूंचा, म्हणजे फळांचा, रस काढतात. मी तिथे फोरमन, दीपक टाक्या धुणाऱ्यांत. नर्स येणार म्हटल्यावर आम्हाला वाटलं, आली बाई मलमपट्टी करायला. पण सिस्टर तिच्या खोलीत सापडेल तर शपथ! कधी यंत्राच्या पट्ट्याखाली वाकून बघतेय, कधी रस काढणाऱ्या बायांची सोललेली बोटं उलटसुलट करून बघतेय. आणि हसणं असं, की बॉयलरच्या आवाजातही ऐकू यावं. टाक्यांच्या मात्र ती हात धुऊन मागे लागली. तळाशी राहिलेला रस आंबतो, त्यातून वायू सुटतो आणि तो जड असल्यामुळे खालीच साठून राहतो. "दिसणा नाय, आणि माणूस गपकन पडता," ती सांगायची. आधी मीटरने आतली हवा तपासा, पंख्याने हवा खेळवा, कमरेला पट्टा आणि दोरी बांधा, आणि वर एक माणूस ठेवा, हा तिचा हट्ट. दीपक चिडवायचा, "सिस्टर, बैलाक दाव्याक बांधतत, तसा आमका बांधतास?" ती म्हणाली, "बैल सांजचो गोठ्यात परत येता मां? मगे तूय घराक परत येवक होयो!"

मालक तयार नव्हते. नर्सने टाक्यांत कशाला डोकं घालायचं, असं त्यांचं म्हणणं. सिस्टर ऑफिसात जाऊन ठणकावून म्हणाली, "साहेब, मला जखमा बांधायला ठेवलंय, की जखमा होऊ नयेत म्हणून?" दुसऱ्या दिवशी तिने विहीर खणणाऱ्यांकडून कप्पी आणि हाताने फिरवायचा रहाट मागून आणला, लोखंडी तिकाटण्यावर, म्हणजे तीन पायांच्या घोडीवर, बसवला, साडीवर पट्टा आवळून स्वतः लटकली आणि रहाटाची मूठ दिली मालकांच्या हातात! मालक घामाघूम. ही वर झोके घेतेय. "अजून वर घ्या साहेब, पत्रे कुठे गळतात तेही बघून घेते!" सगळा कारखाना हसून लोटपोट झाला. मालकही हसले... आणि त्याच आठवड्यात मीटर, पंखा, पट्टे, नवा रहाट असं सगळं सामान आलं.

मग ती सोमवारची सकाळ. रविवारच्या सुट्टीत एका टाकीत थोडा रस राहिला होता. दीपकच्या हातातला ब्रश आत पडला. आत्ता काढतो म्हणून तो उतरला. हवा तपासली नाही. मात्र सिस्टर बघेल या धाकाने पट्टा आणि दोरी तेवढी लावली. वरचा माणूस ओरडला तेव्हा मी धावत गेलो. खाली माझा भाऊ तळाशी वेडावाकडा पडलेला. मी टाकीच्या तोंडात पाय घातला, तोच मागून कुणीतरी माझ्या कमरेला मिठी मारली. सिस्टर!

"माका सोड! माझो भाव आसा थंय!"

"तू खाली गेलंस तर दोगांची प्रेतां काढूची लागतली!" ती माझ्या कानात किंचाळली. मी लाथा झाडल्या, नको ते बोललो. तिने सोडलं नाही. मला ओढून जमिनीवर पाडलं आणि रहाट दाखवला. "तुझो भाव त्या दोरयेक बांधलेलो आसा. ओढ!"

मी ओढलं. आम्ही सगळ्यांनी ओढलं. दीपक वर आला तो निळा पडलेला. तिने त्याला आडवं केलं, तोंडावर मास्क धरून श्वास देणारी पिशवी दाबत राहिली, मध्येच त्याला आईची आठवण देत होती, "दीपक रे, आवशीक काय सांगू तुझ्या..." आणि तो खोकला! अशी आरोळी उठली म्हणून सांगू! बाया रडताहेत, मी नाचतोय, आणि सिस्टर खाली बसून दीपकची नाडी मोजतेय. 

पण मला तिचं मोठेपण दिसलं ते नंतर. मालक दीपकला कामावरून काढणार होते. ती म्हणाली, "त्याला काढून टाकी शहाणी होणार आहे का?" दोरी लागली म्हणजे आपण आधीच हरलो, असं ती म्हणायची. माणसाने टाकीत उतरायचंच कशाला? महिनाभर ती मालकांच्या मागे राहिली आणि वरूनच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने टाकी धुण्याची सोय झाली. त्यानंतर त्या टाक्यांत माणूस उतरलेला नाही. तिकाटणं कोपऱ्यात पडून आहे. त्याला गंज चढताना बघून ती खूश व्हायची.

निवृत्तीनंतर थोड्याच काळात आजाराने तिला गाठलं. अंत्यविधीला आम्ही टेम्पो भरून गेलो. चर्चच्या आवारात तिची बहीण म्हणाली, "एवढी माणसां? कारखान्यातली?" दीपक पुढे झाला आणि लहान पोरासारखा त्या बहिणीच्या पाया पडला.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना मी गेटवर थांबलो. सिस्टर तिथे उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारायची. कधी ठरवलं नव्हतं, पण माझ्याही तोंडून तेच निघालं. बॉयलरवरचा गणपत येत होता, डोळे तांबारलेले.

"रात्री झोप लागली मां रे?"

"चेडवाक ताप इल्लो. रातभर जागोच होतंय." लेकीचं सांगता सांगता त्याने जांभई दिली.

"मगे बॉयलरार जाव नको. आज पॅकिंगात बस."

"तुमी काय सिस्टर झालास काय?" म्हणाला, आणि हसत हसत पॅकिंगकडे वळला. त्याच्यामागे रांग लागली होती... मी पुढच्याला विचारलं.