मिशीवाला बातमीदार

मी शाळेत चित्रकला शिकवते. लॉकडाऊनमध्ये मुलांना फोनवरून सांगितलं, घरात बसून जे दिसतंय ते काढा. झाडून सगळ्यांनी काटेरी गोळा काढून पाठवला. मुलांना तरी काय बोलणार? आमच्या निपाणीच्या घरातही तोच दिसत होता. सकाळी सातपासून टीव्ही चालू आणि त्याच्यासमोर आप्पा, म्हणजे माझे वडील.

कन्नड बातम्या सांगायच्या, रोग महाराष्ट्रातून येतोय. मराठी बातम्या सांगायच्या, कर्नाटकानं वाट अडवलीय. आप्पांना दोन्ही भाषा येत असल्यामुळे ते दुप्पट घाबरायचे. ताटातला घास ताटातच राहायचा. बंद करा म्हटलं की एकच उत्तर, "नाका उघडल्याची बातमी चुकंल की गं!"

राज्याच्या सीमेवरच्या नाक्यापलीकडे, महाराष्ट्रातल्या कागलला, त्यांची थोरली बहीण एकटी राहत होती. वय ऐंशी, फोनवर काही ऐकू यायचं नाही. नवरा गेल्यावरही बंद्या रुपयाएवढी लाल टिकली लावून अख्ख्या गल्लीला चरफडायला लावणारी बाई. तिची भेट आता होते की नाही, या धास्तीनं आप्पा वाळत चालले होते. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा.

शेवटी मी माझी कला बाहेर काढली. आई आरशावर चिकटवून ठेवते त्या टिकल्या गोळा केल्या. बातम्या देणारा माणूस रोज त्याच जागी बसायचा, त्यामुळे माप सोपं होतं. आप्पा आंघोळीला गेल्यावर मी पडद्यावर त्याला काळ्या टिकल्यांची झुपकेदार मिशी लावली आणि नाकात एक चमकी.

आप्पा पंच्यानं डोकं पुसत आले. मिशीवाला चमकी घालून मृतांचे आकडे ओरडत होता. आप्पांनी आधी माझ्याकडे रागानं बघितलं, मग त्यांचं पोट हलायला लागलं. महिन्याभरानं हसले ते. आईकडून सगळ्यांत मोठी लाल टिकली मागून घेतली आणि स्वतःच त्याच्या कपाळावर चिकटवली.

"आत्ता आक्का दिसती बघ. आक्का बी अशीच वरडती!"

दुसऱ्या दिवशी बातम्यांना बाई होती. मिशी तिलाही लागली. घाबरावं कसं तेच आप्पांना जमेना. चार-पाच दिवसांत कंटाळून त्यांनी टीव्ही बंद केला आणि मिशी खरवडून काढली, टिकली मात्र ठेवली. ताट घेऊन त्या काळ्या पडद्यासमोर बसायचे आणि टिकलीला सांगायचे, "आक्का, आज वांगं झालंय, पर तुझ्या हातचं न्हाय."

एका सकाळी दारात भाजीचा टेम्पो थांबला. काठी टेकत, मास्क हनुवटीवर ओढून आत्या खाली उतरली आणि तिथूनच ओरडली, "नाका उघडून चार दिस झालं! टीव्ही बघत न्हाईस काय रं?"

आप्पांनी तिचा हात धरून तिला आत आणलं आणि पडद्यावरच्या टिकलीकडे बोट केलं.

"रोज बघतोय की गं आक्का."