अंगठाभर जागा

आत्यानं ज्वारीची काडी मोडली तो शनिवार होता. मी ते पाहिलं.

काडी बहिणीच्या पायाच्या मापाची होती. आमच्याकडे घरातल्या बाईला चप्पल आणायची तर तिच्या पायाशी काडी धरून टाचेपासून अंगठ्यापर्यंत तोडायची, आणि पुरुषानं ती खिशात घालून दुकानात जायचं. पाय घरी, माप बाजारात. या रीतीत कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं, याचाच आता संताप येतो.

बहीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान. रोज सकाळी पेडगावच्या रस्त्यानं खडीवर धावायची. पातळ तळाच्या कॅनव्हासच्या बुटांनी तिच्या नडग्या सुजत. शाळेतल्या खेळाच्या सरांनी सांगितलं, रोजच्या सरावाला गादीचा बूट घ्या. वडिलांचा शब्द होता : जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर कॉलेज, नाहीतर उन्हाळ्यात लग्न. मी तेव्हा परभणीला कॉलेजात होतो, सुट्टीला घरी आलेलो. त्यासाठी मला कुठलीही शर्यत जिंकावी लागली नव्हती.

"मला घेऊन चल," ती म्हणाली. "पाय माझा हाय, घालून मीच बघते."

"पोरीच्या जातीनं दुकानात पाय पुढं करून बसायचं?" वडील म्हणाले. "काडी दे त्याच्याजवळ."

आत्यानं माप घेतलं. बहीण पाण्याला गेली तशी तिनं काडीचं टोक मोडून चुलीत टाकलं.

"आत्या, हे काय?"

"पाय हाय का नांगराचा फाळ? एवढं माप दाखवलं तर दुकानदार गावभर सांगंल. सोयरीक जुळायची हाय तिची. तू गुमान जा."

मी गुमान गेलो.

बूट मात्र मी फार विचारानं निवडला. तीन जोड काढायला लावले. टाचेची गादी अंगठ्यानं दाबून पाहिली, तळ पुढच्या बाजूनं वाकतो का ते पाहिलं, वजन हातावर तोललं. निळा जोड सगळ्यांत मऊ होता. दुकानदारानं आत काडी घालून पाहिली आणि विचारलं, "धावायला हायेत ना? मग एक नंबर मोठा न्या. धावताना पाय फुगतो, पुढं अंगठाभर जागा लागती."

मोठा नंबर त्यानं काढूनही ठेवला. मी म्हणालो, "नको. काडी बरोबर आहे."

बूट पुढून घट्ट झाले. घालताना ती विचारत होती, "काडी नीट लावली होतीस ना?"

"लावली होती."

बदलून आणतो म्हणालो तर वडील म्हणाले, शहरात नामांतराचा बंद आहे, जाऊ नको. तो बंद दोन दिवसांत उठला. आमच्या घरातला उठलाच नाही. रोज नवं कारण निघे. "सैल पडतेत वापरून," आत्या म्हणे. सैल पडले नाहीत. बहिणीच्या अंगठ्यांची नखं काळी पडली. निवडीच्या आदल्या दिवशी तिनं विळ्यानं दोन्ही बुटांची टोकं कापली आणि तसेच घालून धावली. तीन मुली घ्यायच्या होत्या. ती चौथी आली.

वडिलांनी शब्द पाळला. उन्हाळ्यात लग्न झालं. सासरी जाताना तिनं बूट माझ्या पुस्तकांच्या पेटीत ठेवले. काडीची गोष्ट मी तिला सांगितली नाही. वडील होते तोवर नाही, आत्या गेल्यावरही नाही. सांगायला पुष्कळ वर्षं मिळाली होती.

बहीण यंदा गेली. तेराव्याला एक नातेवाईक म्हणाले, "तिला पळायची लय हौस होती." हौस! ज्यावर तिचं सगळं आयुष्य ठरणार होतं, त्याला हे लोक हौस म्हणतात. आणि मी, शिकलेला, तिथंही पत्रावळीकडे पाहत गप्प बसलो.

बूट माझ्याकडे आहेत. टोकं कापलेली आहेत. टाचेची गादी अजून मऊ आहे.