पंचनाम्यातला चकचकीत दांडा

ते प्रकरण अजून माझी पाठ सोडत नाही. बल्लारपूरकडच्या एका ठाण्यात मी प्रभारी होतो. एका खासगी कोळसा डेपोत लोडर मशीनचं बकेट अचानक खाली आलं आणि एक मजूर जागीच गेला. ऑपरेटर दारू प्यायला होता, अशी फिर्याद सुपरवायझरने दिली. मी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लावून ऑपरेटरला आत टाकलं. तेलाच्या दाबावर बकेट उचलून धरणाऱ्या सिलिंडरचा दांडा मुद्देमालात जमा केला. तो आरशासारखा चमकत होता. पंचनाम्यात लिहिलं, ‘दांडा सुस्थितीत.’

ऑपरेटर एकच घोकत होता, “साहेब, आठ दिवसांपासून तेल गळून राह्यलं होतं. मी सांगतलं होतं सुपरवायझरले.” आरोपी असंच बोलतात म्हणत मी ते जबाबात घेतलंच नाही. त्याची बायको रोज सकाळी ठाण्याच्या पायरीवर येऊन बसे. “थेंब नाई घेतला त्यायनं, साहेब.” रक्ताचा अहवाल येईना. मला चैन पडेना. फाइल मिटायचो नि पुन्हा उघडायचो.

चौथ्या दिवशी बाजारातला म्हातारा क्रोमवाला आला. मोटरसायकलचे हँडल, सायलेन्सर चमकवून देणारा. “तो दांडा पाहू द्या मले.”

पंचांसमोर त्याने दांड्यावर कानस चालवली. चार हातांतच चमक उडाली, खाली तांबडं दिसलं.

“हे शोचं काम हाये, साहेब. आधी तांबं, मंग निकेल, वरून क्रोमचा पातळ हात. मशीनले हार्ड क्रोम लागते, थेट पोलादावर, जाड. त्याच्यावर कानस घसरते. हे मीच करून देल्लं. टिकणार नाई म्हणून सुपरवायझरले सांगतलं होतं.”

“मग इतके दिवस गप्प का बसलात?”

“भेव लागे जी. पण त्या बाईले रोज पायरीवर पाहून राह्यलो.”

दांड्याच्या तेलकट टोकाशी क्रोमचा पापुद्रा सुटला होता. त्यानेच तेल अडवणारं आतलं सील फाडलं होतं; तेल गळून दाब गेला नि बकेट खाली आलं. ते टोक मी पुसूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

सुपरवायझर आधी साफ नाकबूल गेला. दांडा समोर ठेवल्यावर ढेपाळला. “हार्ड क्रोमले नागपूरले पाठवा लागते. आठ दिवस मशीन बंद ठेवू काय? आणि चमकत तं होता ना, साहेब!” अस्सा संताप आला! पण मीही तेच पाहिलं होतं.

रक्तात दारू निघाली नाही. न्यायालयात अहवाल देऊन ऑपरेटरला सोडवलं. जाताना तो एवढंच म्हणाला, “मी पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं ना?”

पुढे निवृत्तीपर्यंत आरोपीचं पहिलं वाक्य, कितीही खोटं वाटलं तरी, मी जसंच्या तसं लिहून घेतलं. पण त्या फाइलीत, माझ्या सहीच्या वर, ‘दांडा सुस्थितीत’ अजून तसंच आहे.