मालिकेला दिलेला फोटो

आमच्या हॉलमध्ये दारासमोरच्या भिंतीवर पत्नी गेल्यावरही अकरा महिने एक खिळा रिकामाच होता. त्यावर तिचा फोटो असायला हवा होता, पण तो कात्रजच्या पुढे एका पत्र्याच्या शेडमध्ये, आमच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या एका हॉलमध्ये लटकत होता. तिच्या वर्षश्राद्धाआधी मला तो परत आणायचा होता. आणायला जायचं मी सारखं पुढे ढकलत होतो.

तिच्या आजारपणाच्या आदल्या वर्षी टीव्हीवरच्या एका मालिकेसाठी आमचं घर घेतलं होतं. सहकारनगरमधलं जुनं बैठं घर, पुढे चार पायऱ्या, आत लाल फरशी. जागा बघायला आलेला माणूस म्हणाला, "असंच वापरलेलं घर हवंय आम्हाला." ती म्हणाली, "पडकं म्हणालात तरी चालेल. आम्ही कुठे विकायला काढलंय?" शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली बाई. रिकाम्या घरात माझ्यासारख्या न बोलणाऱ्या माणसाबरोबर बसून कंटाळली होती. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केलेली, मला शांतता पुरते. तिला पुरत नसे. म्हणून मी हो म्हणालो.

आठवड्यातून तीन दिवस घर त्यांचं असे. मी मागच्या खोलीत पुस्तक घेऊन दार लावून बसायचो आणि ती हॉलच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून सगळं बघायची. त्यांची एक पद्धत होती. घरातली कुठलीही वस्तू हलवायची तर तिच्या मागे पांढऱ्या टेपची पट्टी लावायची आणि ती काय, कुठली, ते लिहायचं, म्हणजे संध्याकाळी ती जागच्या जागी जाते. हे काम सेट लावणाऱ्या माणसाचं. तो यवतमाळकडचा, पन्नाशीचा, स्वभावाने गरीब. दुसऱ्याच दिवशी तिने त्याच्या हातातलं मार्कर काढून घेतलं. "तुमच्या या अक्षराला मी शाळेत दोन मार्क कापले असते. आणा इकडे."

तेव्हापासून पट्ट्या ती लिहू लागली. घड्याळामागे लिहिलं, 'पाच मिनिटं पुढे आहे. दुरुस्त करू नये.' पितळी डब्याखाली, 'झाकण बसत नाही, आपटू नये.' माझ्या आरामखुर्चीच्या पाठीला, 'मालक बसलेले असल्यास आधी त्यांना उठवावे.' संध्याकाळी सगळे गेल्यावर मला ती हे वाचून दाखवायची. मी हसायचो, पण थोडंच. आता वाटतं, जरा मोठ्याने हसलो असतो तर काय बिघडलं असतं.

मालिकेतल्या घरात आई वारलेली होती आणि तिची मुलगी रोज तिच्या फोटोपुढे उभी राहून मनातलं बोलायची. त्यासाठी त्यांनी कुठल्याशा अनोळखी बाईचा फोटो आणला. पत्नीने तो हातात घेऊन नीट बघितला.

"ही बाई या घरात चार दिवस टिकली नसती."

"काहून काकू?" सेटवाला म्हणाला.

"चेहराच सांगतोय. हिला माणसं नकोत. थांबा, माझा देते. शाळेतल्या निरोपाच्या वेळचा चांगला आहे."

तो गडबडला. "काकू, हार घालावा लागते त्याला. तुमी चांगल्या बसल्या आहात इथं."

"मग? उभी राहू का? फक्त प्लास्टिकचा नको हं. चंदनाचा आणा."

मी नेमका तेव्हा चहाचा कप ठेवायला हॉलमध्ये आलो होतो. ती माझ्याकडे वळली. "अहो, तुम्हाला चालेल ना?"

मी शकुन-अपशकुन मानत नाही. आमचं लग्न रजिस्टर पद्धतीने झालं, ते मुहूर्त न बघता, आणि याचा मला तरुणपणापासून छुपा अभिमान. नको असं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण चार परक्या माणसांसमोर नको म्हणणं म्हणजे आयुष्यभर जे मानलं नाही ते मान्य करणं. मी म्हणालो, "मला काय? फोटो म्हणजे कागद."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग सेटवाल्याला म्हणाली, "ऐकलंत ना? कागद आहे." मी माझ्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. पुढचं काही मी पाहिलं नाही.

पावसाळा संपता संपता तिचं पोट दुखू लागलं. तपासण्यांनंतर डॉक्टर आमच्याशी हळू आवाजात बोलू लागले. शूटिंग घरात शक्य नव्हतं. त्या लोकांनी समजुतीने कात्रजच्या पुढे शेडमध्ये आमच्या हॉलची नक्कल उभी केली आणि जुळवाजुळवीसाठी काही वस्तू मागून नेल्या. घड्याळ, डबा, खुर्ची, फोटो. ती अंथरुणातून म्हणाली, "न्या. परत आणायची आठवण यांना राहणार नाही, तुम्हीच लक्षात ठेवा." पाच महिन्यांनी ती गेली.

तेराव्याला तिची मोठी बहीण आली होती. जेवणं झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. "जिवंत बाईच्या फोटोला हार घालू दिलात. तिचं सोडा, ती आधीपासूनच आगाऊ. तुम्ही तरी नको म्हणायचं होतंत." फोटोने कोणी मरत नाही हे मला ठाऊक आहे. आजही ठाऊक आहे. मला खात होतं ते वेगळं. हार मला चालेल का हे तिने विचारलंच का? ती कधी कशाला परवानगी मागणारी नव्हती. तिला माझ्या तोंडून 'नको' ऐकायचं होतं का?

शेवटी वर्षश्राद्धाला आठवडा राहिला तेव्हा मी स्वारगेटहून कात्रजची बस धरली आणि पुढे रिक्षा केली. शेडच्या दारात सेटवाला भेटला. मला बघून त्याने हातातला चहा खाली ठेवला. "या नं काका. शॉट सुरू आहे, जरा आवाज नका करू." आत अंधारातून तारांवर पाय पडणार नाही असा चालत गेलो आणि समोर आमचा हॉल उजेडात उभा होता. भिंतीचा रंग तोच. खिडकीखालचा ओलीचा डागसुद्धा रंगवून काढलेला. खिडकीबाहेर मात्र झाडं छापलेलं कापड. माझा हात सवयीने दाराशेजारच्या बटणावर गेला. बटण नुसतं चिकटवलेलं होतं.

तिच्या फोटोला चंदनाचा हार होता. पुढे मुलीचं काम करणारी नटी उभी राहून म्हणत होती, "आई, आज मी खूप चुकले गं." दिग्दर्शकाला ते पटेना. पुन्हा. पुन्हा. सात वेळा ती माझ्या पत्नीला म्हणाली की मी चुकले. सातव्या वेळी तिचा आवाज खरोखर भरून आला. अकरा महिन्यांत मी तिच्याशी एकदाही काही बोललो नव्हतो. घरात कुणासमोर बोलणार, खिळ्यासमोर?

मधल्या सुट्टीत सेटवाल्याने नटीला मी कोण ते सांगितलं. ती ओशाळली. "सॉरी हं काका. मी रोज बोलते काकूंशी, सवयच झालीय. त्या कशा बोलायच्या?"

"तिरकं," मी म्हणालो. "पण समोरच्याकडे बघून."

मग मी सेटवाल्याला फोटोचं विचारलं. तो कानशील खाजवत राहिला. मालिका अजून चालू होती, भिंतीवर फोटो दिसायलाच हवा. "पण काका, तुमची वस्तू आहे. मी याचा फोटो काढून दुसरा छापून घेतो. कॅमेऱ्याला काय समजते?" त्याने स्टुलावर चढून आधी हार उतरवला, मोबाइलवर फोटो दोन-तीनदा टिपला आणि मग तो काढून माझ्या हातात दिला. "हार ठेवतो जी मी. काकूनंच तसं लिहून ठेवलं आहे."

"काय लिहिलंय?"

"तुमी वाचलं नाही?"

मी चौकट उलटी केली. मागच्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या टेपची पट्टी होती, कडा काळ्या पडलेल्या. तिचं गोल, शाळेतलं अक्षर.

'हॉलमधला फोटो. मालकांनी नको म्हटलेलं नाही, म्हणून दिला आहे. हार काढून परत करणे.'

मी खुर्चीत बसलो. माझीच खुर्ची होती. कोणी उठवलं नाही.

परतीच्या बसमध्ये फोटो मांडीवर पालथा धरला होता, ते वाक्य दिसत राहावं म्हणून. त्यात चेष्टा होती. रागही असेल. तिने त्या दिवशी माझ्याकडे क्षणभर बघितलं तेव्हा तिला माझ्या पोटातलं कळलं होतं, एवढं मला समजलं. माझ्या मनात काय होतं हे तिला कळलं होतं म्हणून मला सुटल्यासारखं वाटावं, तसं वाटलं नाही. कळूनही ती माझ्या बोलण्याची वाट बघत थांबली होती, आणि मी कप ठेवून आत गेलो होतो.

वर्षश्राद्धाला तिची बहीण आली ती मार्केट यार्डातून आणलेला शेवंतीचा मोठा हार घेऊन. फोटो खिळ्यावर होता. ती टाचा उंचावून हार घालायला गेली.

"नको," मी म्हणालो.

ती थांबली. "अहो, आता काय हरकत आहे? आता तर घालायचाच असतो."

"नको, ताई." माझा आवाज मलाच मोठा वाटला. स्वयंपाकघरातल्या बायका बोलायच्या थांबल्या.

मी फोटो उतरवून तिला मागची पट्टी दाखवली. तिने चष्मा लावून ती दोनदा वाचली. मग हार मांडीवर घेऊन ती माझ्या शेजारी बसली आणि त्यातल्या पाकळ्या खुडू लागली. खुडता खुडता म्हणाली, "तेव्हा म्हणायचं होतंत हो."

"हो," मी म्हणालो.