आरशावरचं कुंकू

आमच्या शेजारच्या वाडीतले आत्मारामकाका रागावले की आवाज चढवत नाहीत, बायकोलासुद्धा अहोजाहो करायला लागतात. दसऱ्याच्या संध्याकाळी ते म्हणाले, "प्रेमलताबाई, हे तुम्ही केलंत?" मी नुकतीच त्यांच्या अंगणात पोचले होते.

विहिरीशेजारी त्यांची दुर्बीण उभी असते. नळीच्या तोंडाशी आत एक लहानसा तिरका आरसा. सकाळी कोयता, खुरपं, पंप यांची पूजा करताना काकूंनी त्या आरशालाही ओलं हळदकुंकू लावलं होतं.

काकांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. म्हणून ते दुर्बिणीला कॅमेरा लावून शनीचे फोटो काढतात आणि लॅपटॉपवर मोठे करून बघतात. यंदा शनीची कडी दोऱ्याएवढी बारीक दिसत होती. पुन्हा अशी दिसायला तेरा-चौदा वर्षं. पावसाने सगळा सप्टेंबर खाल्ला, आणि आज आभाळ उघडलं तर आरसा बरबटलेला!

"पुसून टाका की," मी शहाणपणा केला.

"पुसला तर मुलामा निघेल. तू टॉर्च धर."

त्यांनी आरसा काढला, बशीत इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी ओतलं आणि तो त्यात बुडवला. तुंगारेश्वराच्या डोंगरावरून ढग वर येत होते, नेमके शनीच्याच दिशेला. काकू ओट्यावर पदर पिळत बसलेल्या. मला काकांचाच राग आला. बाईने पूजा केली होती, खून नाही.

कुंकू सुटलं, हळदीचा डाग राहिला. आरसा परत बसवला, तर शनी पडद्यावर येईचना. आला तेव्हा ढग त्याला टेकले होते. जेमतेम दोन मिनिटांचा व्हिडिओ मिळाला, मग सगळं काळं.

त्यातल्या बऱ्या फ्रेम एकावर एक जुळवून काकांनी एक फोटो तयार केला. पिवळसर गोळा, त्याच्या आरपार सरळ रेघ आणि बाजूला ठिपक्याएवढा टायटन, शनीचा सगळ्यात मोठा चंद्र. मी आनंदाने ओरडलेच. काका पडद्याला नाक लावून बसले होते.

"पूजा करायची तर नळीला लावायचं कुंकू," ते म्हणाले. "आरशाला कशाला?"

"नळीनं कुठं दिसतं तुम्हाला? दिसतं ते आरशानं," काकू म्हणाल्या. "मी तुमच्या डोळ्यांना लावलं."

काकांनी लॅपटॉप काकूंकडे वळवला.

"ये, बस इथे. तो चंद्र कुठे आहे ते बोट ठेवून दाखव. मला सापडत नाहीये."