बेल-भंडाऱ्याची आण

फाल्गुनात वसमतच्या रस्त्याला लागलं की शेताशेतांत कढयांमधून हळद शिजत असते. तो उग्र वास आला की मी बसची काच अजूनही लावून घेतो.

सत्तरच्या दशकात मी हट्ट्याला मास्तर होतो. शिकलेला म्हणून मला गावच्या बैठकीत बसवत. अशाच फाल्गुनातल्या एका दुपारी मारुतीच्या पारावर किसनची लेक सखू आणि तिचा नवरा समोरासमोर होते. मारहाणीला कंटाळून ती माहेरी आली होती. नवरा ढसाढसा रडला. बेल-भंडारा उचलून म्हणाला, "पुन्ना हिला हात लावणार न्हाई." सगळ्यांचे डोळे भरले, माझेही. सखू मात्र कोरडीच उभी होती. मला ती हेकट वाटली.

"आता काहून अडून बसलीस?" मी विचारलं.

"गुरुजी, मारून झालं की त्ये असेच रडतेत," ती हळूच म्हणाली.

"इतका रडणारा माणूस खोटं बोलंल व्हय?" मी तिलाच दटावलं.

मग रिवाजाप्रमाणे तो भंडारा तिच्या कपाळाला लावायला त्यानं हात उचलला. तिनं झटकन कोपर तोंडाआड धरलं. "लाजली!" कुणीतरी म्हणालं आणि बैठक हसली. मीही हसलो. मार चुकवणारं कोपर मला तेव्हा ओळखता आलं नाही.

पोळ्याच्या आधीच सखूच्या मातीला तिच्या सासरी गेलो. सरणापाशी नवरा तसाच ढसाढसा रडत होता, आणि लोक त्याला धीर देत होते.